सावित्रीमाईंचे बलिदान आणि आरोग्य कामगारांचा हक्क

१८९७ हे साल आमच्या चळवळीने कायम लक्षात ठेवावे असे आहे. त्या वर्षी तीन गोष्टी घडल्या. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी इंग्रज सरकारने हिंदुस्थानसाठी साथरोग प्रतिबंधक कायदा केला. त्यानंतर बरोबर चौतीस दिवसांनी, १० मार्च १८९७ रोजी, क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता प्लेगनेच गेल्या. आणि त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात इंग्लंडच्या पार्लमेंटने कामावर इजा झालेल्या कामगाराला मालकाने नुकसानभरपाई द्यावी, असा कायदा मंजूर केला. साथ आली की काय करायचे याचा कायदा इथे झाला, काम करताना मेला त्याच्या घरच्यांचे काय याचा कायदा तिकडे झाला. मधल्या मध्ये माई गेल्या, आणि त्यांच्या पश्चात त्यांच्या घराचे काय झाले, हे विचारायला कोणताच कायदा पुढे आला नाही.

दरवर्षी ३ जानेवारीला आणि १० मार्चला आम्ही माईंच्या प्रतिमेला हार घालतो. शाळा काढणाऱ्या, शेणमातीचा मारा झेलणाऱ्या पहिल्या शिक्षिका म्हणून त्यांचे स्मरण करतो. ते योग्यच आहे. परंतु माईंच्या आयुष्याचा दुसरा धागा आमच्या भाषणांत फारसा येत नाही. तो आजाऱ्याजवळ, बाळंतिणीजवळ, उपाशी माणसाजवळ बसण्याचा आहे. आजच्या भाषेत बोलायचे तर माई शिक्षिका होत्या तशाच त्या आरोग्य कर्मचारीही होत्या. त्यांचा मृत्यू हा कामामुळे ओढवलेला मृत्यू होता. या बाजूने त्यांचे चरित्र वाचले, तर आज इस्पितळांत राबणाऱ्या आमच्या हजारो आयाबहिणींच्या प्रश्नाला ते थेट येऊन भिडते.

सावित्रीमाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. वडील खंडोजी नेवसे पाटील. १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचा विवाह तेरा वर्षांच्या जोतीरावांशी झाला. मुलीने अक्षर ओळखणे हे पाप मानले जात होते, त्या काळात जोतीरावांनी त्यांना शिकवले. जोतीरावांच्या मावसबहीण सगुणाबाई क्षीरसागर यांचीही साथ होती. पुढे त्यावेळच्या अहमदनगर येथे आणि पुण्यात मिशनरी बाईंकडे त्यांनी शिक्षिकेचे रीतसर प्रशिक्षण घेतले. १८४८ साली पुण्याच्या बुधवार पेठेत, भिडे वाड्यात, मुलींची शाळा सुरू झाली. माईंचे वय तेव्हा अवघे सतरा होते.

त्यानंतरचा छळ वाचकांना ठाऊक आहे. रस्त्याने जाताना अंगावर शेण आणि चिखल फेकला जाई. सनातन्यांच्या दडपणामुळे १८४९ साली सासऱ्यांनी दोघांना घर सोडायला सांगितले. उस्मान शेख यांच्या घरी आसरा मिळाला आणि फातिमा शेख यांच्यासारखी सहकारी लाभली. १८५२ साली महार-मांगांच्या मुलामुलींसाठी शाळा निघाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विश्रामबाग वाड्यात जोतीरावांचा सरकारी सत्कार झाला. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा निबंध १८५५ साली ज्ञानोदयात छापून आला. १८५४ साली माईंचा काव्यफुले हा संग्रह प्रसिद्ध झाला. हा इतिहास आम्ही सांगतो, सांगत राहू.

आता दुसरा धागा पाहू. फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवेचे पुन्हा लग्न नाही, पण तिच्यावर हात टाकणारा घरचाच पुरुष. गर्भ राहिला की तिने जीव द्यायचा किंवा मूल मारायचे, अशी ती ब्राह्मणी रीत होती. त्या विधवांनी येथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यायचे असेल तर न्यावे, नाहीतर आमच्याकडे ठेवावे, अशी सोय या दोघांनी केली. १८८४ पर्यंत अशा ३५ स्त्रिया त्यांच्याकडे आल्या होत्या. जोतीरावांनी जाहिरात लावली असेल, पैसा उभा केला असेल. परंतु बाळंतपण करणे, रक्त धुणे, रात्रीबेरात्री रडणारे पोर उचलणे, ज्वर आलेल्या बाळंतिणीला जपणे हे काम माईंनी केले. ज्या स्त्रियांची जात त्यांच्यावर शेण फेकत होती, त्याच जातीच्या स्त्रियांची बाळंतपणे त्यांनी केली. तिथेच १८७४ साली एका ब्राह्मण विधवेच्या पोटी जन्मलेला मुलगा त्यांनी आपला म्हणून वाढवला. तो यशवंत. त्याला त्यांनी डॉक्टर केले. वारसाला जमीन द्यावी, सोने द्यावे, असे लोक समजतात. माईंनी वारसाला रुग्णसेवेचे शिक्षण दिले.

१८७६-७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते गावोगाव फिरत होते. २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापन झालेल्या या समाजाला तेव्हा पुरती चार वर्षेही झाली नव्हती. जुन्नर, ओतूर भागातून माईंनी जोतीरावांना लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. अन्नछत्रे उघडणे, भुकेल्या पोरांना सांभाळणे, दुष्काळात येणाऱ्या रोगराईत त्यांची देखभाल करणे, हे सारे त्या करीत होत्या. १८८८ साली जोतीरावांना पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली. डाव्या हाताने लिहीत त्यांनी सार्वजनिक सत्यधर्म पूर्ण केले. त्या दोन वर्षांत त्यांना उठवणे, बसवणे, भरवणे, स्वच्छ करणे हे ज्यांनी केले त्यांचे नाव ग्रंथाच्या मुखपृष्ठावर नसते. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेपुढे टिटवे कोणी धरायचे यावरून भाऊबंदांनी वाद उभा केला, तेव्हा माईंनी स्वतः टिटवे हातात घेतले आणि पतीच्या देहाला अग्नी दिला. त्यानंतर समाजाचे काम थांबले नाही. १८९३ साली सासवडच्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांनीच भूषवले.

मग प्लेग आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग उघड झाला. काही महिन्यांत तो पुण्यात पोहोचला. तेव्हा सारा पश्चिम हिंदुस्थान दुष्काळानेही होरपळत होता. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगला सापडला होता. परंतु तो उंदरावरच्या पिसवेमार्फत माणसाला लागतो हे १८९८ मध्ये दाखवून दिले गेले. म्हणजे १८९७ च्या मार्चमध्ये रोग कसा लागतो हे पुण्यातल्या कुणालाच नीट ठाऊक नव्हते. रोग्याजवळ जाणे म्हणजे मरण, एवढेच लोकांना दिसत होते. काखेत, जांघेत गाठ आली की सख्खे नातेवाईक पळत होते. सरकारी तपासणीची पथके घराघरांत शिरत होती. ज्याला जागा होती तो शहराबाहेर माळावर राहायला गेला. ज्याला कुठेच जागा नव्हती तो महारवाड्यात, मांगवाड्यात पडून राहिला.

अशा वेळी माईंनी डॉक्टर झालेल्या यशवंतरावांना लष्करी नोकरीतून बोलावून घेतले आणि हडपसरजवळ सासणे यांच्या माळावर दवाखाना उघडायला लावले. त्या स्वतः रोगी शोधत फिरत. तेव्हा त्यांचे वय सहासष्ट वर्षांचे होते. मुंढव्याच्या महारवाड्यात गायकवाड कुटुंबातील एक मुलगा प्लेगने पडल्याचे कळले. गाडी नाही, डोली नाही, त्याला हात लावायला कोणी तयार नाही. माईंनी त्याला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. त्याच धावपळीत त्यांना प्लेगने गाठले. १० मार्च १८९७ रोजी त्यांचा देहान्त झाला.

एवढ्यावर आमचे व्याख्याते थांबतात. टाळ्या पडतात. आम्हाला मात्र पुढची आठ वर्षे सांगायची आहेत. यशवंतरावांनी आईचे काम सोडले नाही. १९०५ साली पुण्यात पुन्हा प्लेग भडकला. रुग्णांवर उपचार करताना त्यांनाही प्लेग झाला आणि १३ ऑक्टोबर १९०५ रोजी ते गेले. एका घरातील दोन माणसे, आई आणि मुलगा, एकाच रोगाने, एकाच कामात गेली. मागे राहिल्या यशवंतरावांच्या पत्नी आणि एक लहान मुलगी. त्यांच्या वाट्याला कमालीचे दारिद्र्य आले. पोटासाठी राहते घर विकावे लागले. ज्या घराने आपल्या विहिरीचा हौद १८६८ साली अस्पृश्यांसाठी खुला केला, त्या घराच्या सुनेला पुण्यात निराधार होऊन दिवस काढावे लागले आणि तशाच अवस्थेत तिचा अंत झाला. आम्ही सारे सावित्रीचे लेकी-लेक म्हणवतो, त्या सावित्रीच्या सख्ख्या सुनेची ही गत झाली.

ही गोष्ट रडण्यासाठी सांगत नाही. आम्ही वकील आहोत, आमचा प्रश्न सरळ आहे. रोग्याची सेवा करताना जो मेला, त्याच्या मागे राहिलेल्यांना उत्तर देण्याची जबाबदारी कोणाची?

१८९७ च्या साथरोग कायद्यात याचे उत्तर शोधून पाहा. तो कायदा अवघ्या चार कलमांचा होता. त्यात सरकारला कोणतेही उपाय योजण्याचा अधिकार दिला. आदेश मोडणाऱ्याला शिक्षा ठरवली. आणि शेवटच्या कलमात, सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला भरता येणार नाही, असे संरक्षण दिले. झडती घेणाऱ्याला कवच मिळाले. रोग्याला पाठीवर घेणाऱ्या बाईसाठी एक ओळही नव्हती. इंग्लंडच्या त्याच वर्षीच्या कायद्यातही रेल्वे, कारखाने, खाणी अशा धंद्यांचा विचार होता, शुश्रूषा करणाऱ्यांचा नव्हता. आमच्याकडे कामगार नुकसानभरपाई कायदा आला तो १९२३ साली, इंग्लंडनंतर सव्वीस वर्षांनी. त्यातल्या व्यवसायजन्य रोगांच्या पहिल्या यादीत अँथ्रॅक्स होता, शिशाची आणि फॉस्फरसची विषबाधा होती. इस्पितळात लागणाऱ्या रोगांचे नाव तिथेही नव्हते.

चित्र पालटायला सुरुवात केली ती बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाले. १९४३ साली कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. आडारकर यांच्याकडे सोपवण्यात आले आणि १९४४ साली त्यांचा अहवाल आला. आजारपण, बाळंतपण आणि कामावरील इजा यांची जोखीम एकट्या कामगाराच्या डोक्यावर न ठेवता मालक, कामगार आणि शासन यांनी मिळून उचलावी, हा त्यातला गाभा होता. त्यातूनच कर्मचारी राज्य विमा कायदा, १९४८ उभा राहिला. पुढे संविधानाच्या ४१ व्या आणि ४२ व्या अनुच्छेदांत आजारपण आणि अपंगत्वात साहाय्य, तसेच कामाची न्याय्य व माणुसकीची परिस्थिती यांचा समावेश झाला. जे माईंच्या घराला मिळाले नाही, ते मिळवून देणारी यंत्रणा माईंच्या विचारांच्या वारसाने उभी केली. जोतीरावांना गुरू मानणाऱ्या बाबासाहेबांनी गुरूच्या घरावरची आपत्ती कायद्याने रोखण्याचा मार्ग दाखवला, असे आम्ही मानतो.

१९८४ च्या दुरुस्तीने १९२३ च्या कायद्याची तिसरी अनुसूची नव्याने लिहिली गेली. तिच्या भाग अ मध्ये पहिल्याच क्रमांकावर आरोग्य किंवा प्रयोगशाळेच्या कामात संसर्गाच्या विशेष धोक्यामुळे जडणारे सांसर्गिक रोग आले. याचा अर्थ वाचकांनी नीट समजून घ्यावा. या कामात असलेल्या माणसाला असा रोग झाला, तर तो कामावर झालेला अपघातच आहे असे कायदा धरून चालतो. रोग बाहेरून आला असे मालकाला म्हणायचे असेल, तर ते मालकाने सिद्ध करायचे. भाग अ मधील रोगांसाठी अमुक महिने नोकरी झालीच पाहिजे अशीही अट नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि १९२३ व १९४८ हे दोन्ही कायदे तिच्यात विलीन झाले. परंतु ही अनुसूची आणि हे गृहीतक संहितेतही कायम आहे.

मग अडचण कुठे आहे? अडचण कागदावर आहे, आणि कागद न ठेवण्याची शिकवण आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या मिळालेली आहे. वॉर्डातली घाण कोण उचलतो, वापरलेल्या सुया कोण गोळा करतो, शवागारात कोण उतरतो, हे सांगायला सर्वेक्षणाची गरज नाही. आमच्याच वस्त्यांतली माणसे आहेत. बहुतेक कंत्राटावर. आमच्याकडे अशी प्रकरणे येतात तेव्हा इजा खरी असते, रोग खरा असतो, दुःख खरे असते. फक्त नोंद नसते. सुई टोचली तेव्हा मुकादमाला तोंडी सांगितले, त्याने स्पिरिट लावायला सांगितले, काम सुरू राहिले. दोन वर्षांनी कावीळ ब निघाली. आता ती सुई कोणत्या दिवशी, कोणत्या वॉर्डात टोचली, हे सांगणारा चिठोरासुद्धा हातात नसतो.

म्हणून आम्ही येथे मुद्दाम लिहून ठेवतो. सुई टोचली, रक्त डोळ्यात उडाले, क्षयाच्या वॉर्डात विनामास्क काम करावे लागले, तर त्याच दिवशी लेखी कळवा आणि प्रतीवर आवक शिक्का घ्या. अपघात नोंदवहीत नोंद करायला लावा. सुईच्या इजेनंतर लगेच रक्त तपासून घ्या. त्या दिवशीचा अहवाल निर्दोष आणि काही महिन्यांनंतरचा सदोष, हा तुमचा सर्वात भक्कम पुरावा असतो. एच.आय.व्ही.ची प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, म्हणून उद्या बघू असे म्हणू नका. ड्युटीचा तक्ता, ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी, बँकेतील पगाराची नोंद, विम्याचा क्रमांक, या सगळ्यांच्या प्रती घरी ठेवा.

राज्य विमा ज्यांना लागू आहे त्यांनी विमा महामंडळाच्या शाखा कार्यालयात दावा करावा. इजेमुळे काम करता येत नसेल तर सरासरी रोजंदारीच्या ९० टक्के दराने लाभ मिळतो, आणि कामावरील इजेने मृत्यू झाला तर अवलंबितांनाही त्याच दराच्या हिशेबाने निवृत्तिवेतन मिळते. वाद झाला तर विमा न्यायालय आहे. ज्यांना राज्य विमा नाही, त्यांनी नुकसानभरपाईचा दावा सक्षम प्राधिकाऱ्यापुढे दोन वर्षांच्या आत करावा. एकाच इजेसाठी दोन्हीकडे दावा चालत नाही. इस्पितळातून घरी परतलेल्या, गावी गेलेल्या विधवेला शहरात खेटे घालण्याची गरज नाही. ती जिथे राहते तिथल्या प्राधिकाऱ्याकडेही दावा दाखल करता येतो. कंत्राटी कामगाराच्या बाबतीत इस्पितळ हात झटकू शकत नाही. मुख्य मालक म्हणून भरपाईसाठी त्याच्याकडे जाता येते, कंत्राटदाराकडून ती वसूल करणे हे त्याचे काम.

आणखी एक गोष्ट प्रत्येक वस्तीत सांगा. मृत्यूच्या प्रकरणात कंत्राटदार रात्री घरी येतो, हातावर काही हजार ठेवतो, कोऱ्या कागदावर अंगठा घेतो. मृत्यूची भरपाई प्राधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. परस्पर दिलेले पैसे कायद्याने भरपाई ठरत नाहीत. तेव्हा अंगठा दिला गेला असला तरी दावा संपत नाही. हिशेब करून पाहा. चाळीस वर्षे वयाचा कामगार, महिन्याचा पगार १५,००० रुपये. निम्मा पगार ७,५००, त्याला त्या वयाचा गुणक १८४.१७ ने गुणले की १३,८१,२७५ रुपये होतात. एका अंगठ्यावर कंत्राटदार किती वाचवतो, हे आता वाचकांनीच पाहावे.

कोणी म्हणेल, माई कुणाच्या नोकरीत नव्हत्या. त्यांनी सेवा केली, पगार घेतला नाही. मग नुकसानभरपाईशी त्यांचा काय संबंध? हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण तो आजही विचारला जातो. आशा कर्मचारी २००५ पासून गावोगाव काम करतात. गरोदर बाईला दवाखान्यात नेणे, क्षयरुग्णाला गोळ्या देणे, साथीत घरोघरी फिरणे हे सारे त्या करतात. पण कागदावर त्या स्वयंसेविका आहेत. त्यांना पगार नाही, मोबदला आहे. कर्मचारी नाहीत म्हणून कर्मचाऱ्याचा हक्क नाही. २०२० च्या कोरोनात त्यांच्यावर फुले उधळली गेली, टाळ्या-थाळ्या वाजल्या. ३० मार्च २०२० पासून आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचा विमा लागू झाला, पण तो त्या साथीपुरता होता. साथरोग कायदाही २०२० साली दुरुस्त झाला, आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला करणाऱ्याला शिक्षा आणि भरपाई ठरली. ते स्वागतार्हच. परंतु जिला मारहाण झाली नाही, फक्त रोग लागला, तिच्यासाठी त्या दुरुस्तीतही काही नव्हते. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने आशा कर्मचाऱ्यांच्या अपघाती मृत्यूसाठी १० लाख रुपयांचे सानुग्रह अनुदान ठरवले. सानुग्रह हा शब्द पाहा. अनुग्रह देणाऱ्याच्या मर्जीवर असतो, हक्क घेणाऱ्याच्या हातात असतो. बाबासाहेबांनी आम्हाला अनुग्रह मागायला शिकवले नाही.

माईंनी मोबदला मागितला नाही, हा त्यांचा मोठेपणा. त्या मोठेपणाचा दाखला देऊन आजच्या आयाबाईला, वॉर्डबॉयला, सफाई कामगाराला, आशाताईला गप्प बसवणे हा मात्र मनुवादी कावा आहे. शूद्राने फळाची अपेक्षा न धरता सेवा करावी, हीच तर जुन्या व्यवस्थेची शिकवण होती, आणि तिच्याविरुद्धच जोतीराव-सावित्रीमाई उभे राहिले. सेवा हा शब्द गौरवाचा आहे, पण त्याच्या आडून मजुरी आणि भरपाई बुडवली जात असेल, तर तो शब्द तपासून घेतला पाहिजे. माईंनी जे केले ते स्वेच्छेने केले. आज पोटासाठी तेच काम करणाऱ्याकडून बलिदानाची अपेक्षा करण्याचा अधिकार ना शासनाला आहे, ना इस्पितळाला, ना आम्हा भाषणे करणाऱ्यांना.

समाजबांधवांनो, आमची सूचना साधी आहे. येत्या १० मार्चला प्रत्येक बुद्धविहारात, प्रत्येक समाजमंदिरात माईंना अभिवादन झाले की सभा लगेच उठवू नका. एक टेबल मांडा, एक वही ठेवा. वस्तीतल्या इस्पितळात, दवाखान्यात, प्रयोगशाळेत, रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्या प्रत्येकाचे नाव लिहा. कोणाला सुई टोचली, कोणाला क्षय झाला, कोणाचा माणूस कामावर गेला, याची तारखेनिशी नोंद करा. विम्याचा क्रमांक आहे की नाही ते पाहा. दोन वर्षांची मुदत कोणाची संपत आली आहे ते शोधा. मुदत उलटली असेल आणि कारण सबळ असेल तर विलंब माफ होऊ शकतो, तेही सांगा. आमच्यातले वकील, शिकलेली मुले-मुली यांनी त्या टेबलावर बसावे. आशा कर्मचाऱ्यांना कर्मचारी म्हणून मान्यता मिळावी, ही मागणी चळवळीने आपली मानावी.

सावित्रीमाईंनी अक्षर दिले ते नुसते पाट्यांवर नाव लिहिण्यासाठी दिले नाही. अर्ज लिहिता यावा, कोऱ्या कागदावर अंगठा देण्याची पाळी येऊ नये, यासाठीही दिले. माईंच्या सुनेवर जी वेळ आली ती वस्तीतल्या एकाही सुनेवर येऊ द्यायची नाही, एवढे आम्ही केले तरी ती माईंना खरी आदरांजली ठरेल.

जय सावित्री! जय भीम!